तिखट पाणी

दाराला बाहेरून फळ्या ठोकल्या जात होत्या, तेव्हा आतली बाई खिडकीतून विचारत होती की मग दूध कसं आणायचं. बाहेर पुढचा खिळा ठोकला गेला. बाहेर उभे असलेले सगळे तिच्या ओळखीचे होते.

*

"आत्या, हे जेवण आहे की शिक्षा?" थेंबने डब्यात डोकावून विचारलं. डब्यात उकडलेल्या भाज्या होत्या. रंग म्हणाल तर दवाखान्याच्या भिंतीचा.

*

मिरचीच्या झाडाला एक विषाणू लागतो. माणसाला तो काही करत नाही. मिरची खाल्ली की पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. जिथे माणसं तिखट खातात, तिथल्या गटारात तो सापडतोच.

*

त्याने लोखंडी आकडा झाकणाच्या भोकात अडकवला, जोर लावायला पाय रोवले आणि सहज मान वर केली. समोर एक फाटक होतं. त्याने आकडा काढून घेतला. बराच वेळ तो रस्त्यावरच उकिडवा बसून राहिला.

*

वहिनीने फोनवर सांगितलं, येताना केळी आण, यांचं पोट पुन्हा बिघडलंय. औषधंच मेली तशी.

*

जे रूप जगातून केव्हाच नाहीसं झालं होतं, ते एका बाटलीत सापडलं. बदलून सापडलं. इतकं बदलून, की आत्याने आधी यंत्राला दोष दिला, मग स्वतःच्या डोळ्यांना, आणि मग खुर्ची मागे सरकवून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

खाली

बाटली स्वच्छ निघाली, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आत्याचा सोडून.

आत्या तशी कोणाचीच आत्या नव्हती. तिच्या एकुलत्या एक भावाला मूलबाळ नव्हतं. पण प्रयोगशाळेत फार पूर्वी एका मदतनिसाने तिला चुकून आत्या म्हटलं, ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, आणि आता साहेबसुद्धा बैठकीत तिला आत्या म्हणत. तिचं काम वाचण्याचं. शहराच्या गटारांतून बाटल्या यायच्या, थेंब त्यांतला गाळ वेगळा करून यंत्रात घालायची, आणि यंत्रातून जे बाहेर पडायचं ते आत्या वाचायची. कुठला विषाणू आला, किती आला, मागच्या खेपेपेक्षा किती बदलला. माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांचं आजारपण या बाटल्यांत उतरलेलं असे.

आणि एका बाटलीत ते जुनं रूप उतरलं होतं. पहिल्या साथीतलं, ज्याने शहराची निम्मी दुकानं बंद पाडली आणि बरीच घरं रिकामी केली. ते इतके दिवस कुठे होतं याचं एकच उत्तर आत्याला सुचत होतं. ते कोणाच्या तरी पोटात होतं. एकाच माणसाच्या. तिथे बसून निवांतपणे ते स्वतःला बदलत होतं, आणि त्या माणसाला पत्ताही नव्हता. हे नवं रूप उद्या त्या घराबाहेर पडलं, तर जुन्या लसी त्याला ओळखतील याची खात्री कोणी देत नव्हतं.

म्हणून माग काढणं सुरू झालं. गटार खालून वर वाचत जायचं. जिथे दोन फाटे मिळतात तिथून दोन बाटल्या घ्यायच्या, ज्या फाट्यात विषाणू जास्त त्या फाट्याने वर जायचं. डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक झाकणाला पाणी कमी होत गेलं आणि विषाणू दाट होत गेला. शेवटच्या झाकणाखालच्या बाटलीत तर यंत्राची रेघ कागदाबाहेर गेली होती. साहेबांनी ठरवलं, खात्रीसाठी तिथूनच आणखी एक बाटली आणायची, आणि मग आरोग्य खात्याला कळवून दार ठोठावायचं.

ती बाटली आली. तीत काहीच नव्हतं.

"बरा झाला असेल," साहेब म्हणाले. "नाहीतर गाव सोडून गेला असेल. नाहीतर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, पण चेहऱ्यावरचा आनंद काही लपला नाही. मग त्यांनी माग बंद करायला सांगितलं.

आत्याने मान डोलावली. जाता जाता, केवळ सवयीने, तिने त्याच बाटलीतल्या मिरचीच्या विषाणूचा आकडा पाहिला. बाटलीत माणसांचा वाटा किती आणि नुसतं पाणी किती, हे ताडण्यासाठी तो प्रत्येक खेपेला मोजत. आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला.

बाटली तिखटजाळ होती.

डावीकडे

शेवटच्या झाकणाची पहिली बाटली आठव, असं ती स्वतःलाच बजावत होती. त्या दिवशी थेंबने कुरकुर केली होती की पाणी फार पातळ आलंय, मिरची जवळपास नाहीच. मग दोघींनी माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंची मोजणी केली. ते होते. थोडे, पण होते. म्हणजे पाणी पातळ नव्हतं. "दोन-तीन माणसं असतील," थेंब म्हणाली होती, "आणि तिघांनीही मिरचीशी काडीमोड घेतलाय."

फिकं खाणाऱ्या त्या घराचं पाणी एका आठवड्यात जळजळीत कसं झालं? बरा झालेला माणूस त्याच दिवशी मिरच्या चावायला लागत नाही. पाणी त्या घराचं नव्हतंच. कोणीतरी बाटली बदलली होती.

आत्याला भीती वाटली ती याची. विषाणूला कपट येत नाही. तो सापडला की सापडतो. पण इथे कोणीतरी ओळखीचं माणूस, रोज तिच्या शेजारी बसून चहा पिणारं, त्या विषाणूच्या बाजूने उभं राहिलं होतं.

बाटलीला तिघांचे हात लागत. ती आणणारा झाकणदादा, ती उघडणारी थेंब, आणि थंड खोलीची किल्ली बाळगणारे साहेब.

तिने आधी थेंबला गाठलं. थेंब हे नाव तिला पडलं होतं कारण तिच्या हातून कधी एक थेंब सांडला नव्हता. आत्याने गोल गोल विचारलं, बाटली आली तेव्हा झाकण घट्ट होतं का, थंड होती का. थेंबने हातातली नळी खाली ठेवली.

"सरळ विचारा ना. मी बदलली का, असंच ना?"

"बदलली का?"

"माझी आई दम्याची आहे, आत्या. ते परत आलं तर ती पहिली जाईल. मी कशाला लपवू?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि मला लपवायचं असतं तर मी असलं तिखट पाणी घातलं असतं का? मिरची मोजते कोण? मीच ना?"

हे वाक्य आत्याच्या डोक्यात अडकून बसलं.

उजवीकडे

साहेबांना विचारणं अवघड होतं. त्यांच्या वरच्यांना माग नको होता, हे साऱ्यांना माहीत होतं. शहरात पुन्हा जुन्या साथीचं नाव निघालं तर काय होईल, या विचाराने त्यांना रात्रीची झोप नव्हती. आत्याने बाटलीचा विषय काढताच ते इतके चिडले, की तिला वाटलं, सापडला.

पण त्यांनी आकडा पाहिला, आणि चिडका चेहरा हळूहळू पांढरा पडला. मिरची मोजायची पद्धत या प्रयोगशाळेत त्यांनीच आणली होती. पहिल्या वर्षी वाचणारे सगळे त्यांना हसले होते.

"हे मी पाहिलं कसं नाही?" ते पुटपुटले.

"पाहायचं नव्हतं तुम्हाला."

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. मग त्यांनी विचारलं, जागेचं नाव कळलंय का तुम्हाला? आत्या नाही म्हणाली. तेच तर या प्रयोगशाळेचं कुलूप होतं. वाचणाऱ्याने जागा विचारायची नाही, आणणाऱ्याने वाचन विचारायचं नाही. बाटलीवर नुसतं अक्षर. पहिल्या साथीत इथूनच कोणीतरी एका गल्लीचं नाव बाहेर बोललं होतं. गल्लीने आपल्यातलं एक घर अंदाजाने निवडलं, आणि त्या घराच्या दाराला फळ्या ठोकल्या. तेव्हापासून हा नियम. डाव्या हाताला उजव्याचं कळू द्यायचं नाही.

दुपारी आत्या इस्पितळात गेली. तिथे येणाऱ्या रुग्णांच्या नमुन्यांची जुळणी तिची जुनी मैत्रीण पाहायची. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, आत्या तेवढी अगं-तुगं करी. ते रूप एकाही रुग्णात दिसलं नव्हतं. कसं दिसेल, डॉक्टरीणबाई म्हणाली, आमच्याकडे नाकातले नमुने येतात. आतड्यात बसलेल्याला नाकात कोण शोधणार?

"पण एवढे दिवस कोणाच्या पोटात राहतं का गं काही?"

"आपल्यासारख्यांच्या नाही. शरीराचा पहारेकरी झोपलेला असला तर राहतं. आजाराने झोपलेला, नाहीतर आम्हीच औषध देऊन झोपवलेला." तिने चष्मा पुसला. "त्याला त्रासही फार नसेल. पोट बिघडत असेल अधूनमधून. घरचे म्हणत असतील, औषधांमुळे होतंय."

आत्या ते ऐकत होती. तिच्या लक्षात एवढंच राहिलं, की परत जाताना केळी घ्यायचीत.

पुन्हा डावीकडे

तर्क रस्त्यातच जमला, आणि तो जमला याचं तिला मुळीच बरं वाटलं नाही.

थेंब मिरची मोजते. साहेबांनी ती मोजायला लावली. या दोघांपैकी कोणी बाटली बदलली असती तर फिकं पाणी शोधून आणलं असतं. तिखट पाणी तोच आणेल, ज्याला मिरची मोजतात हेच माहीत नाही. आणि नियमाने ते फक्त एकालाच माहीत नव्हतं.

शिवाय जागाही त्या एकालाच माहीत होती. बाटलीत काय आहे ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण डावीकडे जा, आता उजवीकडे जा, पुन्हा तिथेच जा, असं महिनाभर ऐकणाऱ्याला न सांगताही समजतं की मुक्काम आला.

झाकणदादा कामाच्या मोटारीच्या मागच्या फळीवर बसून डबा खात होता. थोराड माणूस, आत्यापेक्षा वयाने मोठा, तरी सगळ्यांसारखा तोही तिला आत्याच म्हणायचा. बाजूला झाकणं उचलायचा आकडा, हातमोजे, थंड पेटी. आत्या जवळ येऊन उभी राहिली, तसा त्याने सरकून जागा केली. तिच्या हातातही तिचा न उघडलेला डबा होता. ती बसली.

तिने मनाशी पक्कं केलं होतं, की ते घर याचंच असणार. याची बायको, नाहीतर याचा मुलगा. कोणाला तरी वाचवायला निघालाय. काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. मग तिने त्याच्या डब्यात पाहिलं.

डबा लालभडक होता. वर अख्ख्या मिरच्या.

आत्याचं ठरवलेलं भाषण तिथेच विरलं. फिकं घर याचं नव्हतं. मग कोणाचं? कोणासाठी या माणसाने नोकरी पणाला लावली असेल?

झाकणदादाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने एक मिरची उचलून तिच्यापुढे धरली, रोज कोणापुढेही धरायचा तशी.

"नको," ती सवयीने म्हणाली. "आमच्याकडे चालत नाही. आमच्या दादाच्या तोंडात फोड येतात, औषधांनी. तेव्हापासून वहिनी घरात मिरची आणतच..."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

झाकणदादाने मिरची परत डब्यात ठेवली. डब्याला झाकण लावलं. मग फडक्याला हात पुसले.

तिने मांडीवरचा आपला डबा उघडला. उकडलेल्या भाज्या. इतके दिवस ती पुराव्यावरच जेवत होती.

"शेजारचं घर कधीचं बंद आहे, समोरच्यांचं गटार त्यांच्या मागच्या बाजूने जातं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे आमच्या फाटकासमोरच्या झाकणाखाली आमचंच पाणी. आम्हा तिघांचं."

"मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो, आत्या?"

"म्हणून पाणी बदललंत?"

"एका खाणावळीच्या मागचं भरलं. मला वाटलं, घाण ती घाण, तिला काय चव असते." तो हसायला गेला, ते जमलं नाही. "त्या फळ्या कोणी काढल्या होत्या, माहिती आहे तुम्हाला? मी. आकड्याने. या इथल्या. खिळे निघत नव्हते. आतून कोणी हाक मारत नव्हतं, म्हणून मी जास्तच जोर लावत होतो." त्याने आकड्यावरून हात फिरवला. "तुमच्या दाराचे खिळे काढायला मला जायचं नव्हतं."

शेवटचं झाकण

खरी बाटली त्याने फेकली नव्हती. धीर झाला नाही, म्हणाला. थंड पेटीच्या तळाशी बर्फाखाली ती होती.

आत्याने ती स्वतः वाचली. मिरची नव्हतीच. माणसं थोडी. आणि ते होतं. मागच्या खेपेपेक्षा आणखी बदललेलं. तिच्याच घरात, तिच्या खोलीपलीकडच्या खोलीत, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसणाऱ्या माणसाच्या पोटात ते रोज स्वतःला थोडं थोडं नव्याने लिहीत होतं, आणि ती रोज सकाळी त्याला विचारत होती, दादा, झोप लागली का?

आता एक सोपा रस्ता तिच्यासमोर होता. माग बंद झालेला होता. बदललेल्या बाटलीचं साहेबांनी कोणाला कळवलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोणी तिच्या दाराकडे बोट दाखवलं नसतं. फक्त एक दिवस थेंबच्या आईला खोकला सुरू झाला असता.

तिने डॉक्टरीणबाईला फोन केला. सांगताना आवाज सरळ राहिला. "आपला दादा?" असं मैत्रिणीने दोनदा विचारलं. मग मैत्रीण मागे सरली आणि डॉक्टर बोलायला लागली. विषाणूवरचं औषध आहे, बरेच दिवस द्यावं लागेल. पण नुसत्या त्याने भागणार नाही, पहारेकऱ्याला जागं करावं लागेल. म्हणजे दादाला मूत्रपिंड बसवल्यापासूनची औषधं कमी करायची. आणि मग पहारेकरी त्या मूत्रपिंडावरच धावून जाऊ शकतो. ते परकं आहे ना त्याच्या लेखी.

"परकं," आत्या म्हणाली. तिचा हात नकळत कमरेच्या डाव्या बाजूला गेला. तिथे वण होता.

घरी तिने दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनी पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाल्यावरसुद्धा. दादाने कोडं बाजूला ठेवलं.

"म्हणजे महिनाभर तू ज्याला शोधत होतीस, तो मी?"

"हो."

"अगं, मग घरीच विचारायचं ना."

वहिनी हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मूत्रपिंड जाईल का, असं त्याने विचारलं. जाऊ शकतं, असं आत्याने सांगितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"तुझं आहे ते," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं करू."

"तसं नको बोलूस, दादा. दिलेली वस्तू ती."

"मग मी म्हणतो. चल."

"आणि गल्लीला कळलं तर?" वहिनीने विचारलं.

 दादा उठून चपला शोधायला लागला.

रुग्णवाहिका नको, असं आत्यानेच सांगितलं होतं. भर दुपारी झाकणदादा कामाची मोटार घेऊन आला. आकडा काढून रस्त्यावर ठेवला, झाकण उघडल्यासारखं केलं, आणि गटाराच्या माणसाकडे कोण बघतं, म्हणून कोणी बघितलं नाही. दादा हातात वर्तमानपत्र घेऊन मागच्या बाजूला चढला. वहिनी त्याच्या शेजारी. तपासणी तिचीही व्हायची होती, आत्याचीही. आत्या म्हणाली, पुढे व्हा, मी घर बंद करून मागोमाग येते, डॉक्टरीणबाईची गाडी वळणावर थांबलीय.

समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला. समोरच्या काकू. रोज हात करायच्या. आजही त्यांचा हात वर आला, पण मध्येच थांबला. मोटार, वहिनीचे डोळे, दादाची मुखपट्टी. हात खाली गेला आणि पडदा मिटला.

आत्या आत आली. खिडक्या लावल्या, गॅस पाहिला, केळी तशीच टेबलावर होती. किल्ली हातात घेतली, आणि तेवढ्यात ठोकल्याचा आवाज आला.

ती जागच्या जागी थांबली.

आवाज समोरच्या घरातून येत होता. एक ठोका, मग जरा शांतता, मग दोन. कोणी तसबीर लावत असेल. फडताळ दुरुस्त करत असेल. भर दुपारी माणसं घरात काय काय ठोकत असतात. तिने दाराच्या आतल्या बाजूला तळवा टेकवला, लाकूड हलतंय का ते पाहायला. लाकूड हलत नव्हतं. ठोके सुरूच राहिले. ती दार उघडून बाहेर पडू शकत होती, त्यात काहीच अवघड नव्हतं, आणि थोड्या वेळाने ती पडलीही. पण तेवढा वेळ ती तळवा टेकवून उभी होती आणि ऐकत होती.

पहिल्या साथीत फळ्या ठोकलेल्या त्या घरातल्या तिघांचेही नमुने नंतर आत्यानेच वाचले होते. एकातही विषाणू नव्हता.